कानबाईच्या एमपी४ फाइली जुन्या डीव्हीडी प्लेयरवर चालत नाहीत

तापीकाठ:
रामराम मंडळी. कानबाईच्या उत्सवाच्या ११ एमपी४ फाइली ड्राइव्हवरून उतरवल्या आहेत, एकूण १ तास ५० मिनिटं. शिरपूरला आजीकडे जुना प्लेयर आणि डब्बा टीव्ही आहे, पेनड्राइव्हची सोय नाही. विंडोजमध्ये 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेयर' निवडून डीव्हीडी बर्न केली. लॅपटॉपवर चालते, प्लेयर मात्र डिस्क घेतच नाही. डिस्क खराब की प्लेयर?

केळीबाग:
दोन्ही ठीक आहेत भाऊ. त्या पर्यायाच्या नावाने भलेभले फसतात. त्याने डिस्क बंद होते एवढंच, आत फाइली एमपी४च राहतात. त्यांतला व्हिडिओ एच२६४ या नव्या पद्धतीने दाबलेला असतो, तो जुन्या प्लेयरला कळत नाही. त्याला एमपेग-२ व्हिडिओ लागतो, पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज एसी३ प्रकारचा, ४८ किलोहर्ट्झ. आणि हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइलींत.

अशी डीव्हीडी बनवायला फुकटातलं डीव्हीडीस्टायलर सॉफ्टवेअर घ्या. नव्या प्रोजेक्टमध्ये डीव्हीडी ४.७ जीबी, पाल, १६:९. फाइली क्रमाने ओढून टाका. बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) 'ऑटो' ठेवला तरी चालतं, पण हिशेब माहीत असावा: ४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट, भागिले ६,६०० सेकंद, सेकंदाला ५.७ मेगाबिट. आवाजाचे ०.२ आणि थोडी मोकळी जागा सोडली की व्हिडिओला ५,००० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). तीन तास कोंबाल तर ३,२०० वर याल, मग मिरवणुकीतल्या गर्दीचे चौकोन दिसायला लागतात.

थेट बर्न करू नका. आधी आयएसओ (पूर्ण डिस्कची एकच फाइल) बनवा, व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून मेनू तपासा, मग इमगबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरने ४एक्स वेगावर लिहा, 'व्हेरिफाय'ची खूण ठेवून. लिहायला पाव तास लागतो. मध्येच लाइट गेली तर डिस्क कचऱ्यात, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या.

धुळे_साक्री_रोड:
वरचं बरोबर, पण सरसकट पाल नको. मीडियाइन्फो (फाइलीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये आधी फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ते बघा. मोबाइलच्या क्लिपा बहुधा ३० फ्रेमच्या असतात; २५ वर आणल्या की कॅमेरा फिरताना झटके बसतात. सगळ्या ३० च्या असतील तर एनटीएससी (३० फ्रेमची अमेरिकी टीव्ही पद्धत), ७२० बाय ४८० करा. इथले बहुतेक प्लेयर दोन्ही चालवतात, तरी एकदा मॅन्युअल पाहा.

फ्रेमरेटपुढे 'व्हेरिएबल' (बदलता) लिहिलेलं दिसलं तर ती फाइल आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट' (स्थिर) करून घ्या, नाहीतर गाणं पुढे आणि ओठ मागे. गुणवत्ता आरएफ १८ (आकडा कमी तितकं चित्र चांगलं) ठेवा, कारण पुढे आणखी एकदा एनकोड व्हायचंच आहे.

डब्बा टीव्हीसाठी प्लेयरच्या सेटअपमध्ये '४:३ लेटरबॉक्स' (वर-खाली काळ्या पट्ट्या) करा. तिथे १६:९ राहिलं तर माणसं काडीसारखी उंच दिसतात.

तापीकाठ:
समजलं दादा. मीडियाइन्फोत सगळ्या ३०, कॉन्स्टंट. चाचणीसाठी घरात डीव्हीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) पडली आहे, चालेल?

केळीबाग:
लॅपटॉपवर मेनू तपासायला चालेल. आजीच्या प्लेयरवर तिचा भरवसा नाही: आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, जुनी लेन्स चाचपडते, आणि तुम्ही पुन्हा फाइलीतच दोष शोधत बसाल. शेवटची प्रत एकदाच लिहिता येणाऱ्या साध्या डीव्हीडी-आरवर काढा. वर कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो. उन्हाळ्यात गाडीत तर मुळीच ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात डिस्क वाकते.