वॉकर चालत नव्हता, मग काय करत होता?

बोरूबहाद्दर : मुलांच्या अंकासाठी इंग्रजी आडनावांवरचा एक लेख मराठीत आणतोय. स्मिथ लोहार, टेलर शिंपी, पॉटर कुंभार, इथवर गाडी सुखानं गेली. मग वाक्य आलं की फुलर, टकर आणि वॉकर या तिघांचा धंदा एकच. मी दडपून 'धोबी' लिहिलं. संपादकबाईंनी शेजारी लाल शाईत विचारलं, 'वॉकर म्हणजे चालणारा ना?' दोघंही चुकलो. मागावरून उतरलेलं लोकरी कापड कुंडात घालून पायांनी तुडवत राहायचं, की तेलकटपणा निघतो, वीण आवळते, कापड दाट होतं. हे करणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

अडकित्ता : तीन नावं तीन मुलखांतली आहेत. इंग्लंडच्या दक्षिण-पूर्वेला फुलर, डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, उत्तरेला वॉकर. एक्झिटरला त्या लोकांचं १४७१ सालचं टकर्स हॉल अजून उभं आहे. बाराव्या शतकापासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे तुडवायचं काम करू लागले. माणसाचे पाय सुटले, आडनाव चालतच राहिलं.

लिंबोणी : धोबी नाहीच. आईनं विणलेला स्वेटर मी होस्टेलात कढत पाण्यात घालून बदडला होता. बाहेर आला तो भाच्याच्या बाहुल्याला बसेल एवढा, आणि पुठ्ठ्यासारखा जाड. फुलरचं काम म्हणजे हेच, फक्त मुद्दाम आणि बेतानं. मी वॉकर घराण्यातली आहे हे आज कळलं.

निरुक्त : संस्कृत हाताशी असताना अडायचं कशाला? ऊर्णामर्दक. वेब या आडनावाचा, म्हणजे विणकराचा, धातू आपल्या 'ऊर्णवाभ'शी थेट जुळतो. ऊर्णवाभ म्हणजे कोळी (मासे धरणारा नव्हे, किडा), शब्दशः लोकर विणणारा. आणि टकर हे तर उघडच टक्कर!

अडकित्ता : ऊर्णवाभ मान्य, ते नातं खरंच आहे. टक्कर मात्र तुमची. टकरचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या छळणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. कापडाचा छळच तो.

लिंबोणी : मुलांच्या अंकात ऊर्णामर्दक? पोरांना वाटेल, भीमानं मारलेला कुणी राक्षस असेल.

निरुक्त : पोरांना 'डायनासोर' पचतो. आपला शब्द दिसला की लगेच पोट दुखतं.

घाटमाथा : मर्दकबिर्दक राहू द्या. आमच्याकडे सणगर घोंगडी विणतात, त्यांना विचारा की. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं ती कडक होते.

अडकित्ता : खळ वेगळी हो दादा. खळीनं कापडावर थर चढतो. इथे लोकरीचेच तंतू एकमेकांत गुंततात.

मीनाताई : मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात, ती याच फुलरची. कापडातलं तेल ओढायला वापरायचे, आता आपण तोंडाला फासतो. शिळं मूत्रही वापरायचे, ते अजून कुणी फेसपॅकमध्ये घातलेलं नाही, नशीब. तुडवून झालं की कापड चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. त्या आकड्यांवरून 'टेंटरहुक्स'वर असणं ही म्हण आली. आपला जीव टांगणीला लागतो, त्यांचा आकड्याला.

बोरूबहाद्दर : वा! पण शब्द?

मीनाताई : सांगते. त्याआधी वेब्स्टर घ्या. वेब, वेबर, वेब्स्टर, सगळे विणकर, पण जुन्या इंग्रजीत '-स्टर' हा बायकी प्रत्यय होता. वेब्स्टर विणकरीण, बॅक्स्टर भटारीण, ब्रूस्टर दारू गाळणारी. पुढे पुरुषांनाही तीच नावं लागली. बाईपुरता उरला तो 'स्पिन्स्टर', सूत कातणारी, आणि त्याचा अर्थ झाला बिनलग्नाची. म्हणजे नोहा वेब्स्टर यांच्या जाड्याजुड्या कोशावर विणकरणीचं नाव आहे!

घाटमाथा : पण आडनावावरून धंदा कळतो हेच मुळात खोटं. आमच्या आळीतले कुलकर्णी मोटारी दुरुस्त करतात.

अडकित्ता : तिकडेही तेच झालं. चौसर म्हणजे पायमोजे-पादत्राणं करणारा, पण कवी चौसरचा बाप दारूचा व्यापारी. चौदाव्या शतकातच नाव एकीकडे, धंदा दुसरीकडे. १३७९च्या डोईपट्टीच्या याद्यांत काही नावांपुढे धंदा वेगळा लिहिलेला आहे, तो उगाच नाही. आणि फार्मर म्हणजे शेतकरी लिहू नका बरं. तो ठरीव रकमेवर वसुलीचा मक्ता घेणारा, आपला इजारदार.

बोरूबहाद्दर : मेलो. शेतकरीच लिहिलंय.

लिंबोणी : मुळात आडनावाचं भाषांतर करायचंच कशाला? पोतदारांना इंग्रजीत तुम्ही काय कराल? शाळेत आमच्या सरांनी सांगितलेलं, पोती शिवणारे ते पोतदार.

निरुक्त : पोती?! अहो, सरकारी खजिन्यात भरणा होणारी नाणी पारखणारा तो पोतदार. शुद्ध फारसी, फोतेदार.

घाटमाथा : 'शुद्ध फारसी' म्हणालात, नोंद घेतली. मग पोतदार चालतो तर फुलर का नको?

निरुक्त : पोतदार शतकानुशतकं रुळलाय. फुलर काल आला.

मीनाताई : मुलतानी मातीच्या पाकिटावर बसून आला, काल नाही.

लिंबोणी : आणि सर चुकले असं मला एवढ्यात पटत नाहीये. पोतं आणि फोता यांचं काहीच नातं नाही?

बोरूबहाद्दर : मंडळी, अंक संध्याकाळी जाणार. 'लोकर तुडवणारा' लिहून पाठवलं. बाईंचा उलट फोन : 'लोकर मेंढीच्या अंगावर असतानाच तुडवायची का?'

निरुक्त : म्हणून म्हणत होतो, ऊर्णामर्दक.

घाटमाथा : त्यातही मेंढी सुटत नाही हो. ते राहू द्या, पोतनीस आणि पोतदार एकच का?