मदत हवी आहे: तीन देशांची गोठवलेली कोळंबी एका मापात कशी आणायची?

भारत, इक्वाडोर आणि व्हिएतनाम यांच्या गोठवलेल्या कोळंबीचा २०१५ पासूनचा तुलनात्मक तक्ता करतोय. एमपेडाचे (समुद्री उत्पादनांच्या निर्यातीसाठीची भारत सरकारची संस्था) आकडे हाताशी आहेत (२०२३-२४ ची निर्यात ७,१६,००४ टन). ते एप्रिल ते मार्च असतात, पण मासिक आकड्यांवरून ते जुळवता येईल.

अडलंय ते वजनावर. इक्वाडोरचा बराच माल डोक्यासकट चीनला जातो; आपला अमेरिकेला जाणारा बहुतेक डोकं काढून किंवा सोलून. एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक) ०३०६१७ मध्ये दोन्ही एकत्रच, त्यामुळे टनाला टन लावला की इक्वाडोर उगाच फुगलेला दिसतो. ब्रेडचा चुरा लावलेली कोळंबी तर वेगळ्याच कोडखाली, १६०५ मध्ये. व्हिएतनाम त्यातच बाहेरून कोळंबी आणून, प्रक्रिया करून पुन्हा विकतो! एफएओचं (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) फिशस्टॅटजे हे मत्स्य आकडेवारीचं सॉफ्टवेअर पाहिलंय. मत्स्यशेतीचं उत्पादन तिथे जिवंत वजनात (म्हणजे डोकं-कवचासकट अख्ख्या कोळंबीच्या वजनात) आहे, म्हणून मलाही सगळं जिवंत वजनातच आणायचंय.

विकतचे अहवाल परवडणार नाहीत. ढोबळ अंदाज चालेल, फक्त तिन्ही देशांना एकच पद्धत हवी.

प्रक्रिया कारखान्यात किंवा निर्यातीत काम केलेलं कुणी आहे का इथे? डोकं काढलेल्या आणि पूर्ण सोललेल्या वन्नामेईसाठी (शेतीत वाढवली जाणारी कोळंबीची जात) जिवंत वजन काढायला तुम्ही कोणता गुणक धरता, आणि निर्यातीत या दोन्हींचा वाटा किती हे फुकटात कुठे पाहता येईल?