परीकथा ‘निरागस’ होत्या म्हणे!

घासलेट:
परवा सतराव्या शतकातल्या फ्रेंच लेखक शार्ल पेरोबद्दल नीरक्षीर यांनी लिहिलं, ‘पेरोच्या परीकथा म्हणजे लेकरांसाठीच्या निरागस गोष्टी, त्यांत देह नि वासना शोधणं हा आजच्या समीक्षकांचा चावटपणा.’ तिथेच उत्तर द्यायला बसलो, मारुतीचं शेपूट झालं, म्हणून वेगळा धागा.

नीरक्षीर, तुम्ही पेरो वाचलाय की गुळगुळीत पानांचं चित्रांचं पुस्तक? १६९७ साली हे पुस्तक निघालं तेव्हा गृहस्थ सत्तरीला टेकलेले, फ्रेंच अकादमीचे सभासद. अर्पणपत्रिका चौदाव्या लुईच्या पुतणीला, आणि खाली सही मुलाच्या नावाने. त्या दशकात पॅरिसच्या दिवाणखान्यांत परीकथा सांगणं ही मोठ्या माणसांची हौस होती.

लाल टोपीवालीच घ्या. पेरोकडे पोट फाडून सोडवणारा शिकारी नाहीच, तो शे-सव्वाशे वर्षांनी जर्मनीच्या ग्रिमबंधूंनी आणला. इथे आजीचं सोंग घेतलेला लांडगा म्हणतो, ये, माझ्याजवळ येऊन पड. पोरगी कपडे काढते, पलंगावर चढते, आणि आजी या अवतारात भलतीच कशी दिसते म्हणून चकित होते. मग लांडगा तिला खातो. खेळ खलास. खाली पद्यात तात्पर्य आहे की सगळे लांडगे गुरगुरणारे नसतात, काही गोडबोले असतात आणि तरुण मुलींच्या मागोमाग घरात, अगदी ‘रुएल’पर्यंत पोचतात. रुएल म्हणजे पलंग आणि भिंत यांच्यामधली बोळकांडी. बड्या घरच्या बायका पलंगावर बसून पाहुण्यांना तिथे बसवत. हे पाच वर्षांच्या पोराला सांगायचं तात्पर्य आहे?

आणि झोपलेली राजकन्या! लग्नाच्या रात्री ती दोघं ‘फारशी झोपली नाहीत, राजकन्येला झोपेची तेवढी गरज नव्हती.’ शंभर वर्षं झोपून झाली होती ना. ही ओळ कुठल्या समीक्षकाची नाही, खुद्द म्हाताऱ्याची आहे.

नीरक्षीर:
धाग्याच्या मथळ्यातला ‘म्हणे’ पोचला, आभारी आहे.

एका मिश्कील ओळीवरून पुस्तक चावट ठरत नाही. कीर्तनकारही मध्येच कोपरखळी मारतो, म्हणून कीर्तनाचा तमाशा होत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या चित्रात कोण आहे? सूत कातत गोष्ट सांगणारी म्हातारी आणि समोर ऐकणारी पोरं.

माझा राग वेगळाच आहे. पेरोच्याच निळ्या दाढीवाल्या नवऱ्याच्या गोष्टीतली किल्ली घ्या. बायको त्याने मना केलेली बंद खोली उघडते, आत आधीच्या बायकांची प्रेतं, किल्ली रक्तात पडते. ती घासते, वाळूने घासते, दगडाने घासते, एका बाजूचा डाग गेला की दुसऱ्या बाजूला उमटतो. आता तुमची मंडळी लगेच रक्त म्हणजे अमुक, किल्ली म्हणजे तमुक असं सुरू करणार. अहो, पेरो स्पष्ट सांगतो की किल्ली जादूची होती. संपलं! जादू ही जादू म्हणून का नाही चालत? प्रत्येक अद्भुत गोष्टीची वस्त्रं उतरवल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही का?

लिऑनकर:
किल्लीबद्दल नीरक्षीर यांच्याशी सहमत. (नोंद घ्यावी, वर्षातून एकदाच होतं.)

आधी एक विनंती. नाव ‘पेरो’ असं दोघांनीही बरोबर लिहिलंत, डोळे पाणावले. मराठीत ‘पेरॉल्ट’ वाचून मी दोन पुस्तकं भिंतीवर फेकली आहेत.

मुद्दा असा की पेरोवर का अडून बसलात? खरा पुरावा ‘सुंदरी आणि पशू’मध्ये आहे. पहिली छापील गोष्ट फ्रेंच लेखिका मादाम द विलनव्हची, १७४० ची, चांगली ऐसपैस. त्यातला पशू रोज रात्री जेवणानंतर सुंदरीला विचारतो, मला तुझ्यासोबत झोपू देशील का? लग्नाचं नाव नाही, सरळ हेच. ती नाही म्हणते, आणि तो ‘बरं, मग शुभरात्री’ म्हणून निघून जातो. अंगावर खवले, चेहऱ्याला हत्तीसारखी सोंड. इकडे स्वप्नात मात्र तिला एक देखणा तरुण भेटतो आणि त्याच्यावर तिचा जीव जडतो. म्हणजे दिवसा जनावर, रात्री मनातला पुरुष.

१७५६ मध्ये लंडनला गव्हर्नेस असलेल्या मादाम ल प्रँस द बोमाँने शिष्यिणींसाठी ही गोष्ट छाटली, आणि प्रश्न झाला, ‘माझी बायको होशील का?’ आपण सगळे ओळखतो ती ही धुतलेली आवृत्ती. निरागसपणा मुळात नव्हता, नंतर इस्त्री करून आणला.

सदाशिवपेठी:
लिऑनकर, एवढे उच्चाराचे पक्के आहात तर आधी स्वतःचं नाव ‘लियोंकर’ करा.

भोचक_मावशी:
फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही. पण लिऑनकरांचा प्रतिसाद वाचून हातातलं निवडणं बाजूला ठेवलं.

माझ्या आजीचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. नवरा बिजवर. ती सांगायची, ‘माजघरात दिवा ढणढणत होता, त्यात मला आधी मिशा दिसल्या, मग माणूस.’ एवढंच सांगायची आणि हसायची. पुढचं कधी नाही. तिला कुणी, एका तरी रात्री, विचारलं असेल का? जनावर विचारतं, नाही म्हटल्यावर उठून जातं. मला तर गोष्टीतली जादू तीच वाटली, सोंडेचं काय एवढं.

नीरक्षीर:
मावशी, आदर राखून सांगतो, तुमच्या आजीचा १७४० च्या फ्रान्सशी काडीचा संबंध नाही.

सदाशिवपेठी:
+१. आमच्या आजी-आजोबांचंही ठरवूनच झालं, साठ वर्षं सोन्यासारखा संसार झाला. आजकाल ठरवून लग्न म्हटलं की जणू लांडग्याच्या तोंडी दिलं!

भोचक_मावशी:
सोन्यासारखा हे आजीने सांगितलं की आजोबांनी?

सदाशिवपेठी:
यात आमच्या आजीला ओढायचं कारण नव्हतं.

भोचक_मावशी:
तुम्हीच आणलीत हो तिला. मी फक्त पाट मांडला.

उंबराचं_फूल:
मावशी, _/\_. माझ्या कांदेपोह्यांच्या तेरा कार्यक्रमांत ‘तुला चालेल का’ हा प्रश्न एकदाच आला, तोही बदलीच्या गावाबद्दल.

सदाशिवपेठी:
आता सगळ्यांचे बायोडेटा येऊ द्या. धागा कशाचा होता?

घासलेट:
धागाकर्ता अजून जिवंत आहे बरं का.

नीरक्षीर, संबंध आहे. मादाम दोल्नुआ घ्या, पेरोच्याच काळातली, परीकथांची खरी महाराणी. कोवळ्या वयात तिचं लग्न तीसेक वर्षांनी मोठ्या सरदाराशी लावलं. याच बाईच्या गोष्टींत सापाशी लग्न होतं, राजा मेंढा होऊन बसतो. त्या मेंढ्याचा शेवट ठाऊक आहे? प्रेयसी परत यायला विसरते, तो महालाच्या दारापर्यंत येतो, पहारेकरी आत सोडत नाहीत, आणि तो तिथेच प्राण सोडतो. पुन्हा माणूस वगैरे काही होत नाही. नवरा म्हणून परका देह घरात येतो, ही या बायकांची रोजची गोष्ट होती. पशूचं कातडं आकाशातून पडलं नाही.

नीरक्षीर:
दोल्नुआचं लग्न ठाऊक नव्हतं. ठीक. रुएलही मान्य, ‘फारशी झोपली नाहीत’ही मान्य, घ्या, पेढे वाटा.

पण किल्ली मी सोडणार नाही. आणि एक सांगा, देह हाच सगळा अर्थ असेल तर या बायकांनी साधी कादंबरी का नाही लिहिली? तेव्हा कादंबऱ्या होत्याच की. त्यांना पऱ्या हव्या होत्या, बोलणारा मेंढा हवा होता. जे आवडीने लिहिलं त्याला तुम्ही नुसता बुरखा ठरवता, हा त्यांचाच अपमान आहे.

घासलेट:
हं. हे मला आधी सुचायला हवं होतं. पूर्ण पटलं असं समजू नका.

उंबराचं_फूल:
लिऑनकर, सुंदरी शेवटी पशूला हो म्हणते तेव्हा १७४० च्या गोष्टीत काय होतं?

लिऑनकर:
पलंग मोडतो की काय म्हणून ती घाबरून कडेला सरकते. पशू अलगद येऊन आडवा पडतो आणि लगेच घोरायला लागतो. सकाळी पाहते तर शेजारी स्वप्नातला तरुण.

भोचक_मावशी:
घोरण्यापर्यंतचं अगदी खरं आहे. सकाळचं तेवढं नीरक्षीर यांच्यासाठी जादू म्हणून सोडून देऊ.