जळगावात व्हीलचेअरला चालेल अशी हॉटेलची चांगली खोली कशी शोधावी?

प्रश्न: लग्नाच्या पाहुण्यांत एक आजी व्हीलचेअरवर आहेत. बजेटची अडचण नाही. साईटवर सगळेच ‘सुविधा आहे’ लिहितात. नेमकं काय विचारायचं?

उत्तर १: भाऊ, फोनवर ‘सोय आहे का’ विचारू नका, मापं मागा. साधी व्हीलचेअर ६५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. खोलीचं दार बहुतेक ठिकाणी पुरतं, गाडी अडते ती बाथरूमच्या दारात. तिथे मोकळी जागा ९० सेंटिमीटर हवी, आणि चौकटीची नाही, दार उघडल्यावर उरणारी. उंबरठ्याचंही विचारा. आत वळायला दीड मीटरचा गोल लागतो. कमोड ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच, शेजारी भिंतीत पक्का दांडा. टॉवेलचा रॉड धरून उठलं की तो उखडतो, म्हणून दांड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवाच, मोजायची टेप लावून.

उत्तर २: रॅम्पचा उतार १:१२ पाहा, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी. दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर उंच असतील तर रॅम्प ३.६ मीटर लांब हवा. फळी टाकून केलेला उतार धोक्याचा. लिफ्ट जनरेटरवर चालते का, हेही विचारा. वीज गेली की वरच्या मजल्यावरचा माणूस अडकतो. शक्यतो तळमजलाच घ्या.

उत्तर ३: पाहुणे अजिंठ्याला जाणार असतील तर फर्दापूरहून पुढे बसने जावं लागतं, लेण्यांशी पायऱ्या आहेत. डोली मिळते, दर आधी ठरवा.

उत्तर १: आणि खोलीचा नंबर बुकिंगवर लिहून घ्या. नुसतं ‘विनंती नोंदवली’ म्हणजे खोली राखली असं नव्हे.