चक्रांग की भुवई बदक? दुरून दिसणाऱ्या माद्या कशा ओळखाव्यात?

प्रश्न
तलावाच्या पलीकडच्या काठाशी सात लहान तपकिरी बदके पोहत होती आणि त्यांत रंगीत नर एकही नव्हता. डोळ्यावरची फिकट रेघ पाहून मला ती भुवई बदके वाटली. परंतु उन्हाच्या झळांमुळे चित्र हलत होते आणि चक्रांगाच्या मादीलाही तशी पुसट भुवई असते. एवढ्या अंतरावरून कोणत्या खुणेवर विसंबावे?

उत्तर १
चेहऱ्याआधी शेपटीकडे पाहावे. चक्रांगाच्या शेपटीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, फिकट पिवळसर-पांढरी आडवी रेघ असते, ती भुवई बदकात नसते आणि बारकावे पुसले गेले तरी बरेचदा दिसते. चेहरा स्पष्ट दिसलाच, तर भुवई बदकाच्या मादीच्या चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, डोळ्यातून जाणारी गडद रेघ आणि गालावर आणखी एक गडद पट्टा आढळतो. चक्रांगाचा चेहरा त्यामानाने साधा असतो. आकारावर मात्र मी भिस्त ठेवत नाही, कारण चक्रांग सुमारे ३४ ते ३८ सेंटीमीटर आणि भुवई बदक ३७ ते ४१ सेंटीमीटर लांब असते. हा फरक शेजारी ओळखीचे बदक असल्याशिवाय जाणवत नाही.

उत्तर २
थवा उडाला होता का? चक्रांगाच्या पंखावरील चकाकणाऱ्या हिरव्या पट्ट्याची पुढची पांढरी कड रुंद आणि मागची बारीक असते. भुवई बदकाच्या मादीत हे उलट असून हिरवा रंगही मंद असतो. शिवाय सगळ्या माद्याच होत्या असे गृहीत धरू नये. विणीनंतर नरांचीही पिसे मादीसारखी तपकिरी होतात आणि भुवई बदकाचा नर हा वेश हिवाळ्यातही बराच काळ टिकवतो; त्याच्या पंखाचा पुढचा भाग मात्र तेव्हाही फिकट निळसर-राखाडीच राहतो.

प्रश्नकर्ता
थवा उडाला नाही. छायाचित्रे मोठी करून पाहिली असता चार बदकांच्या शेपटीजवळ ती रेघ स्पष्ट दिसते. उरलेली तीन माना पंखांत खुपसून, शेपटी पलीकडे करून बसली आहेत.

उत्तर १
मग चार चक्रांग अशी नोंद करावी आणि उरलेली तीन ‘अनिश्चित’ ठेवावीत. या दोन जातींची बदके एकाच थव्यात बसलेली मी अनेकदा पाहिली आहेत, त्यामुळे शेजाऱ्यावरून त्यांची ओळख ठरवणे योग्य नाही.