राजकीय भूगोल: प्रदेश, सार्वभौमत्व, सीमा... एकाच उदाहरणातून समजतील का?

मृण्मयी_टीवाय
नमस्कार. मी टी.वाय.बी.ए.ला आहे, भूगोल स्पेशल. राजकीय भूगोलाच्या पेपरात राज्य, प्रदेश, सार्वभौमत्व, सीमा, एन्क्लेव्ह, कॉरिडॉर या संकल्पनांवर हमखास प्रश्न असतो. व्याख्या पाठ आहेत, पण "उदाहरणासह स्पष्ट करा" म्हटलं की गाडी अडते. नोट्समध्ये प्रत्येक संकल्पनेला वेगळा देश दिलाय: लेसोथो, बर्लिन, पनामा, अलास्का. त्यामुळे या गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते कळतच नाही. सगळ्या एकत्र दिसतील अशी एखादी जागा आहे का? आपल्याकडची असेल तर फारच छान.

नकाशावेडा
भारत-बांगलादेशचे छिटमहाल घ्या. बांगलादेशात भारताचे १११ तुकडे, भारतात बांगलादेशचे ५१. १९७४ चा सीमा करार, २०१५ ची १०० वी घटनादुरुस्ती आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल. एन्क्लेव्हच्या आत एन्क्लेव्ह, त्याच्या आत आणखी एक, असा प्रकारही तिथे होता. कॉरिडॉर हवा असेल तर तीन बिघा आहेच, म्हणजे बांगलादेशला भारताच्या जमिनीवरून जायला दिलेली वाट.

तलासरीचे_सर
छिटमहाल चांगलं उदाहरण आहे, पण मृण्मयी, तू दादरा-नगर हवेली घे. मी तीस-एक वर्षं त्याच्या वेशीवर भूगोल शिकवला आणि माझं ठाम मत आहे की मराठी विद्यार्थ्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा डोळ्यांसमोर आण. दमण समुद्रकाठी. तिथून आत आलं की आधी दादरा हा लहानसा तुकडा, मग मध्ये भारताचा पट्टा आणि त्यापलीकडे नगर हवेली. दोन्ही मिळून साधारण ४९१ चौरस किलोमीटर. १९५४ साली हे दोन्ही तुकडे पोर्तुगालचे आणि चहूबाजूंनी मुंबई राज्य. हे झाले एन्क्लेव्ह. गंमत पुढे आहे: नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं एक गाव आहे, ते नगर हवेलीचं नाही, आज ते गुजरातचं आहे. छिटमहालांतला आतला तुकडा तुला इथेही सापडला.

आता सार्वभौमत्व. ही जमीन पोर्तुगिजांकडे आली ती पेशव्यांकडून. १७७९ च्या तहात १२,००० रुपये वसुलाची गावं द्यायचं ठरलं, नगर हवेली १७८३ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली. पण दिलं काय? जमिनीवरचं राज्य, की नुसता वसूल? हा प्रश्न पुढे पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभा राहिला. न्यायालयाने तहाचे निरनिराळे मसुदे आणि सनदा तपासल्या आणि सांगितलं की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं. मात्र मराठ्यांच्या जागी इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगालचं सार्वभौमत्व वागण्यातून मान्य केलं आणि पुढे भारतानेही ते गृहीत धरलं, हेही न्यायालयाने नोंदवलं. म्हणजे सार्वभौमत्व कागदाने मिळालं नाही, शेजाऱ्याच्या दीर्घकाळच्या मान्यतेने मिळालं. एवढी एक गोष्ट पचली तरी अर्धा पेपर सोपा होईल. मोडी कागदातली सनद हेगमध्ये वाचली जाते आणि तिच्यावरून राज्य कुणाचं याचा खल होतो, हे वर्गात सांगताना मला दरवर्षी भरून यायचं.

यानंतर प्रवेशाचा हक्क, आणि माझ्या लेखी हाच कळीचा मुद्दा. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री स्वयंसेवकांनी दादरा घेतलं, २ ऑगस्टला नगर हवेलीचं मुख्य ठिकाण सिल्वासा. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही मंडळी सिल्वासाच्या मोहिमेत होती, हे तुला माहीत असेलच. मूठभर माणसांना हे जमलं त्यात त्यांचं धाडस आहेच, पण भूगोलही आहे. पोर्तुगिजांच्याच दमणहून कुमक आणायची तर भारताच्या जमिनीवरून आणावी लागणार आणि भारताने वाट दिली नाही. सैन्य असूनही पोर्तुगाल हलू शकला नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याच महिन्यात हेगला गेला. भारताची बाजू मांडायला महान्यायवादी (ॲटर्नी जनरल) सेटलवाड होते, भारतातर्फे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला. निकाल १२ एप्रिल १९६० चा. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना ये-जा करू देण्याची सव्वाशे वर्षांची वहिवाट होती, म्हणून तेवढा हक्क पोर्तुगालला होता (११ विरुद्ध ४). सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांना नव्हता (८ विरुद्ध ७, बघ किती काठावर). आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती बेकायदा नव्हती (९ विरुद्ध ६), कारण आजूबाजूला तणाव होता आणि ये-जा नियंत्रित करण्याचा अधिकार भारताकडे होता.

म्हणजे बघ, जमीन एकाची, तिच्यापर्यंतची वाट दुसऱ्याची. सार्वभौमत्व, प्रदेश आणि वाट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी त्या एकत्रच असतात म्हणून आपल्याला वेगळ्या दिसत नाहीत.

मृण्मयी_टीवाय
सर, खूप खूप आभार! सरंजामाचं हे कुठल्याच नोट्समध्ये नाही. एक शंका आहे. १९५४ मध्ये पोर्तुगीज गेले आणि विलीनीकरण १९६१ मध्ये झालं असं वाचलं. मग मधली सात वर्षं ती जागा कोणाची होती? राज्याचे घटक म्हणून आम्ही लोकसंख्या, प्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व हे चार लिहितो. त्यात ते कसं बसवायचं?

तलासरीचे_सर
प्रश्न अगदी नेमका विचारलास.

त्या काळात तिथे लोक होते, सीमा ठरलेल्या होत्या, शासनही होतं. वरिष्ठ पंचायत नावाची सभा कारभार पाहत होती. नव्हती ती मान्यता. कुठल्याही देशाने त्याला स्वतंत्र राज्य म्हटलं नाही आणि तिथल्या लोकांनाही ते नको होतं, त्यांना भारतात यायचं होतं. म्हणून उत्तरात असं लिही की प्रत्यक्ष ताबा स्थानिक शासनाचा, कायद्याच्या कागदावर दावा पोर्तुगालचा. जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. सही करायला तिकडच्या बाजूने शासनप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी तिथला पंतप्रधान नेमलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर करार केला. मग दहावी घटनादुरुस्ती, ११ ऑगस्ट १९६१ पासून लागू. राज्य म्हणजे नुसती जमीन आणि माणसं नव्हेत, दुसऱ्या राज्याशी करार करू शकेल असं कुणीतरी लागतं, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मला ठाऊक नाही.

सीमेबद्दलही दोन गोष्टी सांगतो. हेगचा निकाल १२ एप्रिलचा, आणि त्याच वर्षी १ मेला मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले. एका राज्याने वेढलेला मुलूख तीन आठवड्यांच्या आत दोन राज्यांच्या मध्ये आला. जमीन तिथेच, स्थान मात्र बदललं. राजकीय भूगोलात स्थान म्हणतात ते हे.

दुसरं रोजच्या जगण्यातलं. महाराष्ट्रातल्या उधव्याहून नगर हवेलीतल्या खानवेलच्या वाटेला लागलीस तर डोंगर तोच, भात-नाचणी तीच, घरांच्या भिंतींवर लग्नाच्या चित्राचा चौकही तोच. वारल्यांची सोयरीक दोन्हीकडे. हद्द लागली हे कळतं ते वाहनांच्या नंबरांवरून आणि दारूच्या दुकानांवरून, कारण शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे आणि दादरा-नगर हवेलीत नाही. पण अनुसूचित जमातींची यादी राज्यागणिक आणि केंद्रशासित प्रदेशागणिक वेगळी निघते. वारली तिन्हीकडच्या यादीत आहेत, तरी दाखला बापाच्या मूळ गावाचा बघतात. माझ्या वर्गातल्या मुली लग्न होऊन पलीकडे गेल्या आणि तिथे नोकरीचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्यांना हे कळलं. चार मैलांवरचं सासर, पण कागदावर त्या परप्रांतातून आलेल्या. सीमा माणसाच्या हक्काला कुठे धरते ते लिहायचं असेल तर हे लिही.

आरोंदेकर
सरांचं लिखाण वाचून राहवलं नाही. आमच्याकडेही एक तुकडा आहे. तेरेखोलचा किल्ला आणि गाव गोव्याचं, पण खाडीच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या बाजूला. गोव्याचा माणूस केरीहून फेरीने खाडी ओलांडतो, रेडीचा माणूस थेट रस्त्याने जातो. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. त्यांची सत्ता जाऊन साठ वर्षं उलटली तरी त्यांनी पाडलेली रेघ तिथेच आहे, फक्त आता ती दोन राज्यांमधली आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता.

तलासरीचे_सर
आरोंदेकर, फार चांगली भर घातलीत. मृण्मयी, हेही घे. साम्राज्य जातं, त्याची सीमा अंतर्गत सीमा होऊन राहते. बाकी नैसर्गिक सीमा म्हणून नदी लिहितेस तेव्हा तेरेखोल आठव. नदी होती, तरी सीमा नदीवर थांबली नाही.

मृण्मयी_टीवाय
दोघांचेही आभार. शेवटचा प्रश्न, पंधरा मार्कांच्या उत्तरात हे कसं मांडू? एवढं सगळं मावणार नाही.

तलासरीचे_सर
नकाशापासून सुरुवात कर, अर्धं पान पुरे. डावीकडे समुद्र, काठावर दमण, मग दादरा, मग नगर हवेली, मधला पट्टा रेघांनी भर. दमणगंगा नदी काढ, मघवालचा ठिपका दे. दमणहून दादऱ्याकडे एक बाण काढून त्यावर "१९५४: वाट नाकारली" असं लिही. मग तीन परिच्छेद: सनद आणि सार्वभौमत्व, वाट आणि हेगचा निकाल, वरिष्ठ पंचायत आणि विलीनीकरण. व्याख्या ज्या त्या परिच्छेदात घाल, सुरुवातीला ढीग घालू नकोस. वेळ उरला तर तेरेखोल दोन ओळींत. आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव आणि हे मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे हे विसरू नकोस, जुन्या पुस्तकांत वेगवेगळे दिलेले असतात. उच्च न्यायालय मात्र तेव्हाही मुंबईचं होतं, आताही मुंबईचंच आहे.

लिहून झालं की इथे टाक, मी तपासून देतो.