घरचा खेळ आणि प्ले थेरपी

"मूल घरीही खेळतंच, मग थेरपिस्टकडे कशाला न्यायचं?" असं पालक विचारतात. प्ले थेरपी म्हणजे खेळाच्या माध्यमातून मुलाच्या मनावर केला जाणारा उपचार. घरी आपण खेळतानाही नकळत शिकवतो, "असं नको, असं कर" म्हणतो. थेरपिस्ट मात्र मुलाच्या कलाने जातो, खेळ मुलालाच ठरवू देतो. बाहुली आपटली तर "तुला तिचा खूप राग आलाय" एवढंच म्हणतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या प्ले थेरपीच्या आठ तत्त्वांतही मुलाला आहे तसं स्वीकारणं आणि घाई न करणं आहेच.

म्हणून तिथे काहीही चालतं असं मात्र नाही. अंगावर धावून आलेल्या मुलाला शांतपणे सांगतात, "मला मारायचं नाही, या उशीला मार." राग मान्य, मारणं अमान्य. आक्रमक मुलांच्या बाबतीत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पालकांनी फक्त बाहेर बसून राहू नये, हेही कळकळीने सांगते. १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तर पालकांनाच असा खेळ घ्यायला शिकवलं. तेव्हा आपला सहभाग काय असेल, हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि सेशन संपल्यावर "आज काय केलंस?" म्हणून मुलाची उलटतपासणी कृपया घेऊ नका.